फाटकांकडचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलत. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाकावरची मुलगी मला हळूच म्हणाली, की तू सारखी भांडल्यासारखी का बोलतेस? मी चकित झाले, कारण मी नेहमीसारखंच बोलत होते. बोपोडीच्या आमच्या दोन खोल्यांत आई मोठ्यानं बोले, मी मोठ्यानं बोले आणि रेडिओ त्याहून मोठा असे. घरामागून रेल्वे जाते म्हणून असेल, अशी माझी समजूत होती. पण रेल्वे गेल्यावरही आमचे आवाज खाली येत नसत. खरं कारण अण्णा होते, माझे वडील, आणि त्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

अण्णा पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात फोर्जिंग खात्यात होते. लालबुंद लोखंडावर दिवसभर यंत्राचा घण पडायचा आणि हे सांडशी धरून त्याच्यासमोर उभे. कानात कापसाचे बोळे असत, पण तो घण कापसाला जुमानणारा नव्हता. संध्याकाळी घरी आले की अण्णा हातपाय धुऊन कॉटवर बसत, चहा पीत आणि आई जे काही विचारील त्याला ‘हो’ म्हणत. दळण आणलं का? हो. उद्या सुट्टी आहे का? हो. मला शाळेच्या सहलीची परवानगी अशाच एका ‘हो’वर मिळाली आणि मी वेरूळ बघून आले. परत आल्यावर अण्णांनी मला विचारलं, की दोन दिवस दिसली नाहीस ती? आई हसली, मी हसले, मग आमच्याकडे बघून अण्णाही हसले. आता त्या हसण्याकडे मागे वळून बघते तेव्हा दिसतं, की अण्णा नेहमी सगळ्यांच्या नंतर हसत.

तरी या माणसाचं सारं तारुण्य गाण्यात गेलं होतं. वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत रोज संध्याकाळी वेगळी वस्ती, वेगळं पटांगण, निळ्या झेंड्यांखाली घातलेला मंच, आणि मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले अण्णा, एक हात कानावर. शेजारी पेटीवर भिवाकाका, त्यांचे कारखान्यातले जोडीदार, मागे ढोलकी आणि कोरस. अण्णा एक ओळ टाकत आणि कोरस ती उचलून परत देई. अण्णांचा आवाज उंच आणि टोकदार होता. पार मागच्या बायकांनाही शब्द न् शब्द कळायचा. मी आईच्या मांडीवर पेंगत ती गाणी ऐकली आहेत. ती मला पाठ करावी लागली नाहीत. आणि मग मी कॉलेजात असताना कधीतरी अण्णांनी गाणं सोडलं. गळा गेला म्हणाले. आई महिनोन् महिने त्यांना मीठ-हळदीच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावत होती आणि ते मुकाट करत होते.

गिटार माझ्याकडे आली ती मैत्रिणीच्या भावाकडून. तो नोकरीसाठी परदेशी गेला, जाताना त्याची इलेक्ट्रिक गिटार आणि कॅसेटींचं एक खोकं माझ्याकडे ठेवून गेला, आणि मग परत आलाच नाही. त्या खोक्यात अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी होती. ब्लूज. मला इंग्रजी उच्चार नीटसे कळत नव्हते, पण गाण्याची चाल ऐकताक्षणी ओळखीची वाटली. माणूस एक ओळ म्हणतो, थांबतो, आणि गिटार त्याला उत्तर देते. तो तीच ओळ पुन्हा म्हणतो, गिटार पुन्हा उत्तर देते. हे मी पटांगणात लहानपणापासून ऐकत आले होते. एकदा अण्णा टेपरेकॉर्डरला जवळजवळ कान लावून बसले होते. कॅसेट संपल्यावर म्हणाले, ‘‘हा माणूस रडत नाहीये. सांगतोय.’’ त्यापेक्षा नेमकं वर्णन नंतर पुष्कळ पुस्तकं वाचूनही मला सापडलं नाही.

मी शिकले ती ऐकून ऐकून. गिटारची वायर टेपरेकॉर्डरलाच जोडायची आणि वाजवायची. अडचण अशी, की त्या कॅसेटींतला आवाज माझ्या गिटारीतून काही केल्या येईना. टेपचा आवाज वाढवला की पत्रा फाटावा तसा चरचराट व्हायचा. कॅसेटीतली गिटारही फाटायची, पण ती बोलता बोलता माणसाचा गळा भरून यावा तशी. कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात मी याबद्दल विचारलं, तेव्हा दुकानदारानं सांगितलं, की तो फरक गिटारीतला नाही, अ‍ॅम्प्लिफायरमधला आहे. तुमच्या टेपमध्ये ट्रान्झिस्टर आहेत, त्या लोकांकडे व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असतात त्या काचेच्या नळ्या. त्या गिटारीसाठी केलेल्या मशीनमध्ये असल्या, की जोर दिल्यावर आवाज तुटत नाही, दाटतो. त्याच्याकडे तसं मशीन नव्हतं, पण शनिवार पेठेतले एक फाटक म्हणून गृहस्थ आहेत, त्यांनी परदेशातून आणलेले दोन अ‍ॅम्प्लिफायर पडून आहेत आणि त्यांतला एक विकायचाय, हेही त्यानंच सांगितलं.

डिप्लोमा करून मी तेव्हा एका कंपनीत ड्रॉइंगच्या टेबलावर लागले होते आणि पैसे बाजूला टाकलेले होते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न फाटकांचा होता. फोनवर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की वाजवता येतं का, की भाच्याला वाढदिवसाला द्यायचाय? येतं म्हटल्यावर म्हणाले, रविवारी सकाळी या, गिटार घेऊन या, आणि ज्यांना तो आवाज सहन करायचाय त्यांनाही घेऊन या. आईला रविवारी विहारात बायकांची बैठक होती. म्हणून अण्णा निघाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्या हातातली गिटार स्वतःच्या खांद्याला लावली आणि बसमध्ये सबंध वेळ ती उभी धरून बसले, लहान मुलीला धरावं तशी.

फाटक तिसऱ्या मजल्यावर राहत, नव्या इमारतीत, जिना चढून धाप लागेल अशा उंचीवर. अण्णांची एक सवय होती. नव्या माणसाकडे गेलं की समोरच्यानं विचारायच्या आत ते आपलं पूर्ण नाव आडनावासकट सांगून टाकत, खणखणीत आवाजात, आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघत. त्या दिवशीही सांगितलं. दार उघडणाऱ्या फाटकबाई म्हणाल्या, ‘‘या ना. मोठाच न्या हं, हे काही म्हणाले तरी. दोन्ही नेलेत तर मी साखर वाटीन.’’ अण्णांना ते कळलं की नाही कोण जाणे. ते हसून ‘हो’ म्हणाले, त्यामुळे बाईंना फार बरं वाटलं.

फाटक साठीच्या आसपासचे, सडसडीत, बनियनवर शर्ट अडकवत बाहेर आले. विलायतेत शिकायला असताना तिथल्या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये वाजवत होते, एवढं त्यांनी स्वतःबद्दल सांगितलं आणि विषय संपवला. आतल्या खोलीत पलंगपोसाखाली दोन डबे होते. एक लहान, प्रवासाच्या बॅगेएवढा, तपकिरी कापडाचा, पुढे एकच स्पीकर. दुसरा मोठा, लोखंडी कपाटाच्या निम्म्या उंचीचा, चार स्पीकरांचा, वर वेगळी पेटी. फाटकांनी लहान मशीनचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं.

‘‘थांबा जरा,’’ ते म्हणाले. ‘‘व्हॉल्व्ह आहेत. तापायला वेळ घेतात. आमच्या घरात तेवढेच वेळ घेतात.’’

आतून बाईंचा आवाज आला, की ते दोन्ही गेले की मीही गार होईन.

अण्णा मात्र मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन वाकून बघत होते. मागच्या जाळीतून काचेच्या नळ्यांच्या पोटात बारीक तारा हळूहळू लाल होत होत्या. कारखान्यात रोज लोखंडाचा रंग बघून काम करणारे ते. ‘‘अजून लाल व्हायचंय,’’ ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं, ‘‘आता वाजव.’’

मी वाजवलं. आधी आवाज कमी होता, स्वच्छ, चांगल्या रेडिओसारखा. फाटकांनी खूण केली, मी आवाजाचं बटण निम्म्याच्या पुढे नेलं आणि एक तार ओढली. आवाज मोठा झाला नव्हता, भरला होता. हलक्या हातानं छेडलं की तो निवांत बोले, जोर दिला की त्याला कंठ फुटे, आणि हात सैल सोडला की पुन्हा शांत. माझ्या बोटांतलं बरंवाईट सगळं तो जसंच्या तसं बाहेर टाकत होता. कॅसेटींतल्या माणसांना काय मिळालं होतं ते मला त्या खोलीत कळलं. मी किती वेळ वाजवलं आठवत नाही. थांबून वर बघितलं तर फाटक डोळे मिटून उभे होते, आणि अण्णा खुर्चीत बसून माझ्या बोटांकडे बघत मान डोलावत होते. मी थांबल्यावरही त्यांची मान थोडी हलत राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं. फाटकांनी तेवढ्यात डोळे उघडले होते.

मग मोठा. त्यालाही तापू दिलं. कमी आवाजात तो अगदी कोरडा होता, हिशेबी माणसासारखा. गळा भरून यायला त्याला फार जोर लागत होता. फाटक म्हणाले, की कानावर हात ठेवायचे असतील तर ठेवा, आणि बटण फिरवलं. मी वाजवलं तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. शेजारच्या गच्चीवरून कबुतरं उठली. आणि अण्णा खुर्चीत सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते सभ्य हसू गेलं, डोळे मोठे झाले, ओठ हलायला लागले. मी त्यांचंच एक जुनं गाणं वाजवत होते, ते मला आधी सुचलं म्हणून. त्यांना ते आत्ता ओळखू आलं होतं. संपल्यावर ते उठून उभेच राहिले. ‘‘हा,’’ म्हणाले. ‘‘हा घे.’’

आता आमच्या वारज्याच्या सोसायटीत हिंजवडीला जाणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. त्यांतली एक परवा विचारायला आली, ‘‘मावशी, मला फर्स्ट ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय. ब्लूज आणि थोडं रॉक, बस. किती वॉटचा घेऊ?’’ आता त्यांना ट्यूब म्हणतात. मी तिला म्हटलं, की आधी तुझ्या घरात कोण कोण असतं ते सांग. तिला वाटलं मी शेजाऱ्यांच्या तक्रारीबद्दल बोलतेय. तेही खरंच आहे. व्हॉल्व्हच्या मशीनचा खरा आवाज ते निम्म्याच्या पुढे नेल्यावरच येतो. मोठं मशीन घरात निम्म्याच्या पुढे नेता येत नाही, म्हणजे मोठं घेऊन तुम्ही आयुष्यभर त्याचा तो कोरडा आवाजच ऐकता. लहान मशीन लवकर दाटतं, म्हणून पहिलं मशीन लहान घ्यावं. हे सगळं तिला सांगितलं. फाटकांनी त्या दिवशी आम्हांला नेमकं हेच सांगितलं होतं.

पण अण्णा ऐकेनात. त्यांचं म्हणणं असं, की जयंतीला पटांगणात वाजवायचं तर हा लहान डबा कुणाला ऐकू जाणार? मुद्दा चुकीचा नव्हता. वस्तीतल्या पोरांनी मला त्या वर्षी मंचावर वाजवायला सांगितलं होतं. फाटक म्हणाले, की लहान असला की त्याच्यासमोर माइक ठेवायचा, मोठा असला की शेजाऱ्यांसमोर हात जोडायचे. अण्णा म्हणाले, वस्तीत शेजाऱ्यांना मोठ्या आवाजाची सवय आहे. फाटक म्हणाले, मुलीला नाहीये, तिचे कान अजून चांगले आहेत. हे ते बोलून गेले आणि थांबले. मग खुर्ची ओढून अण्णांच्या समोर बसले, तोंड त्यांच्या तोंडासमोर आणून, आणि सरळ विचारलं.

‘‘आपल्याला लहान मशीन ऐकू आलं का?’’

मी गिटारची वायर गुंडाळत होते, ती तशीच हातात राहिली. हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता. आईनं नाही, मी नाही, भिवाकाकांनीही नाही. मला वाटलं अण्णा ‘हो’ म्हणतील. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग माझ्याकडे बघितलं, त्या तपकिरी डब्याकडे बघितलं, आणि म्हणाले, ‘‘नाही. खालचं थोडं आलं. वरचं काहीच नाही.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पुष्कळ झालं.’’ मग अण्णा फाटकांशीच बोलायला लागले, मी तिथं नसल्यासारखे. म्हणाले, की मी गायचो. लोक सांगत गळा चांगला आहे. गळा आजही आहे, त्याला काही झालेलं नाही. पण पेटी ऐकू येईना. अंदाजानं गायचो. एका कार्यक्रमाची कुणीतरी टेप केली होती, ती कानाला लावून ऐकली. त्यात माझा आवाज वर सरकत होता, आणि भिवा बिचारा माझ्यासाठी गाण्याच्या मध्येच पट्टी बदलत होता. कोरसची पोरंही त्याच्यामागे जात होती. कुणी मला बोललं नाही. ‘‘माणसानं सुराकडे जायचं असतं, साहेब. इथं सूर माझ्यामागं पळत होता. म्हणून सोडलं.’’

फाटकांनी वाईट वाटल्याचं तोंड केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. ते म्हणाले, की कानाच्या डॉक्टरला दाखवलं नसेलच. अण्णा म्हणाले नाही. मग बरोबर, फाटक म्हणाले, गुळण्या केल्या असतील. अण्णा एकदम हसले, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी हसले.

मी म्हटलं, मोठाच घेते. माझा निर्णय झाला होता. कोरडा तर कोरडा. मी वाजवायचं आणि अण्णांनी तोंडाकडे बघून मान डोलवायची, हे आता मला चालणार नव्हतं. अण्णांनी मला जवळ बोलावलं. नेहमी ते बोलताना माझ्या ओठांकडे बघत, त्या दिवशी डोळ्यांत बघून बोलले. ‘‘सुजाता, माझ्या कानाच्या मापानं वाद्य घेऊ नको. माझे कान जायचे ते गेले. तुला कुठला चांगला वाटला ते सांग.’’

मी मोठ्या मशीनकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मी लहान मशीनकडे बोट दाखवलं.

‘‘मग झालं तर,’’ ते म्हणाले, आणि उठून ते मशीन उचलायला गेले. ते दिसायला लहान, पण आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे चांगलंच जड होतं. अण्णांनी ते एका हातानं उचललं. फाटकबाई दारात आल्या आणि लहान डबा जाताना बघून तशाच आत गेल्या. फाटकांनी निरोप देताना मला बजावलं, की स्पीकरची वायर काढून मशीन कधी चालू करायचं नाही, बंद केल्यावर गार झाल्याशिवाय हलवायचं नाही, आणि ज्या दिवशी विकावंसं वाटेल त्या दिवशी आधी त्यांना कळवायचं. विकावंसं मला कधी वाटलं नाही.

त्या दुपारी घरी मटणाचा रस्सा आणि बाजरीच्या भाकरी होत्या. आई विहारातून येऊन लगेच चुलीशी, म्हणजे स्टोव्हशी, लागलेली. खोबऱ्या-कांद्याचं वाटण भाजल्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. आम्ही जेवायला बसलो. अण्णांनी पहिली भाकरी मोडली, ताटात ठेवली आणि आईला म्हणाले, ‘‘मला ऐकू येत नाही.’’

‘‘माहीत आहे,’’ आई म्हणाली. ‘‘रस्सा वाढू का?’’

‘‘काय?’’

आईनं पुन्हा विचारलं, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि मला हसू आवरेना. ती दोघंही हसली. नंतर आई हात धुवायला मोरीत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. नळ चालू होता. अण्णांना नळाचा आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी मला विचारलं, आई कुठं गेली? मी म्हटलं, हात धुतेय.

डॉक्टरांनी सांगितलं, की घणाच्या आवाजानं वरच्या पट्टीचं ऐकणं गेलंय, ते परत येणार नाही. खालचं बरंचसं शाबूत आहे. कानाला लावायचं यंत्र दिलं. ते लावून अण्णा पहिल्या दिवशी घरभर फिरले आणि वैतागले. भांडी एवढी वाजतात? रेल्वे रोज एवढी वाजते? आईला म्हणाले, तू एवढी ओरडून का बोलतेस? आईनं कपाळाला हात लावला. बोलणं ऐकायला यंत्राचा उपयोग झाला, पण मी गिटार वाजवायला लागले की त्यातून शिट्टी यायची. मग अण्णा यंत्र काढून खिशात टाकत आणि मशीन स्टुलावर ठेवायला सांगत. स्टूल कॉटच्या शेजारी, डाव्या कानाजवळ, कारण डावा थोडा बरा होता. मशीन लहान असल्यामुळे ते स्टुलावर मावत होतं. फाटकांचा मोठा डबा आम्ही आणला असता तर अण्णांनाच स्टुलावर बसवून त्याच्यापुढे ठेवावं लागलं असतं.

तसं रोज संध्याकाळी वाजवताना मला हळूहळू कळत गेलं, की बारीक तारांवर गेले की अण्णांचा चेहरा कोरा होतो, आणि जाड तारांवर आले की त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागतो. मी जाड तारांवर राहायला शिकले. गिटार वाजवणाऱ्यांना, विशेषतः रॉक वाजवणाऱ्यांना, वर वर चढत जायची फार हौस असते. माझी ती हौस त्या कॉटशेजारीच संपली. पुढे बँडमध्ये वाजवलं, पुष्कळ लोकांबरोबर वाजवलं, आणि सगळे विचारत की तुमचं सगळं खालीच का असतं? माझी ती पद्धत आहे, असं मी सांगते. पद्धत म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

अण्णांची गाणी मी खालच्या पट्टीत बसवली, त्यांना न सांगता. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, मी वाजवत होते आणि अण्णा कॉटवर पडून होते. पडल्या पडल्याच त्यांनी ओळ म्हटली. माझ्या मशीनच्या सुरात. आईचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू. मी मान वर केली नाही. अण्णांनी कडवं पुरं केलं आणि म्हणाले, ‘‘हे खाली कुणी आणलं?’’ मी म्हटलं, मी. ते म्हणाले, ‘‘म्हाताऱ्याच्या गळ्याला बरं आहे.’’ तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते.

जयंतीला मंचावर ते फक्त बसायला तयार झाले होते. गाणार नाही, असं त्यांनी भिवाकाकांना आधीच सांगून टाकलं होतं. पण स्टूल मात्र स्वतः घरून उचलून आणलं, आपल्या जागेच्या डावीकडे मांडलं, त्यावर मशीन ठेवलं, मशीनच्या तोंडाशी माइक लावून घेतला आणि मागच्या जाळीतून वाकून लाल रंग बघितला. भिवाकाकांनी पट्टी विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, एवढ्या खाली पोरं गायली तर मागच्या बायकांना काय ऐकू जाणार? अण्णांचं यंत्र कानात होतं, त्यांनी ऐकलं. ‘‘मागच्यांना पुढं बोलव,’’ म्हणाले, आणि यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं. तेव्हा भिवाकाकांना कळलं की आज हा गाणार.

पटांगण भरलं होतं. अण्णा उठून उभे राहिले तसा गलका कमी झाला. पहिली ओळ त्यांनी जपून टाकली. आवाज पूर्वीसारखा टोकदार राहिला नव्हता, रुंद झाला होता, पण त्यांचाच होता. कोरसनं ओळ उचलली. दुसऱ्या कडव्यात, गर्दीच्या टाळ्या सुरू झाल्यावर, अण्णा वर सरकायला लागले. मी भिवाकाकांकडे बघितलं. त्यांची बोटं पेटीवर बाजूला जायच्या बेतात होती. मी मान हलवून नको म्हटलं. मग मी जाड तारेवर मूळ सूर धरला, आवाजाचं बटण थोडं पुढे नेलं, आणि तो दाटलेला आवाज तसाच लांबवत राहिले. अण्णा ओळ संपवून थांबले. मशीनच्या बाजूला झुकले. पुढची ओळ त्यांनी घेतली ती बरोबर त्या सुरावर. भिवाकाका पेटीवर वाकून वाजवत होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. आई पहिल्या रांगेत बसली होती, तिचा दिसला.

गाणं संपल्यावर लोक भेटायला मंचाभोवती गोळा झाले. कुणी हार घालत होतं, कुणी पाया पडत होतं, आणि अण्णा यंत्राशिवाय सगळ्यांना ‘हो, हो’ म्हणत होते. मी मशीन बंद करून त्याच्या गार होण्याची वाट बघत स्टुलापाशी उभी होते. गर्दीतून वाट काढत अण्णा माझ्याकडे आले. मला वाटलं, शाबासकी देतील.

‘‘शेवटच्या कडव्यात घाई केलीस,’’ ते म्हणाले.

केली होती.